कांद्याच्या वाटेने जग: सहावी ते आठवीच्या वर्गात भूगोल, शासन आणि अर्थव्यवहार एकत्र कसे शिकवावेत

सहावी ते आठवीच्या वर्गांत जगाचा भूगोल, शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र हे विषय वेगवेगळ्या तासांना आणि वेगवेगळ्या वह्यांत शिकवले जातात. अर्थशास्त्राला तर या इयत्तांत स्वतःचे पुस्तकही नसते. ते व्यवसाय, कृषी, उद्योग अशा भूगोलाच्या प्रकरणांत विखुरलेले असते. परिणामी मलेशियाची राजधानी, राज्यसभा सदस्याची मुदत आणि मागणी-पुरवठ्याची व्याख्या ही तिन्ही विद्यार्थ्याच्या डोक्यात एकमेकांना न ओळखणाऱ्या भाडेकरूंसारखी राहतात आणि परीक्षा संपताच जागा रिकामी करून निघून जातात.

यावर एक उपाय असा की, मुलांच्या परिसरातून परदेशी जाणारी किंवा परदेशातून त्यांच्या परिसरात येणारी एकच वस्तू निवडावी आणि सहा ते आठ आठवडे तिचा माग काढावा. प्रत्येक तासाला तीनच प्रश्न विचारावेत: ही वस्तू कोठून कोठे जाते आणि तेथेच का जाते? तिच्या वाटेवर कोण काय ठरवते? त्या निर्णयाची किंमत कोण मोजते आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो? या प्रश्नांचा क्रम बदलू नये. नकाशा डोळ्यांसमोर नसताना कायद्याची चर्चा सुरू केली तर ती हवेत राहते, आणि निर्णय कोणी घेतला हे ठाऊक नसताना भावाची चर्चा केली तर ती लवकरच नुसत्या तक्रारीवर येऊन थांबते.

वस्तू कोणती निवडावी

नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांसाठी कांद्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, म्हणून पुढील सारी मांडणी कांद्याच्या आधारे केली आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात काजू घ्यावा. मूळचा ब्राझीलचा हा वृक्ष पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात येथे आणला, आणि आज येथील काजू कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या बियांचा मोठा भाग पश्चिम आफ्रिकेतून येतो, जेथील आयव्हरी कोस्ट हा देश काजू बीच्या उत्पादनात जगात पहिला आहे. विदर्भात संत्रे घेता येईल, कारण नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले की वरुड-मोर्शीच्या बागांतील भाव पडतो. येथे निर्णय परक्या सरकारचा आणि फटका आपल्या शेतकऱ्याला, असा कांद्याहून वेगळा पेच मुलांसमोर येतो. चॉकलेट किंवा कॉफी यांसारख्या पाठ्यसाहित्यात वारंवार दिसणाऱ्या वस्तू मात्र सहसा टाळाव्यात. त्या आकर्षक असल्या तरी त्यांच्या भावाने वर्गातील एकाही घराचे काही बिघडत नाही.

निवडताना पाहायचे ते एवढेच की, वस्तूचा भाव रोज पाहता यावा, तिच्या वाटेवर एखादी सीमा यावी, आणि अलीकडच्या काही वर्षांत एखाद्या सरकारी निर्णयाने तिचा भाव ठळकपणे हललेला असावा. कांद्याच्या बाबतीत राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बाजार समितीची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोज मिळतात. पहिल्याच दिवशी वर्गात एक मोठा आलेख कागद लावून त्यावर लासलगावचा सर्वसाधारण दर आणि गावातील किरकोळ दुकानाचा दर अशा दोन रेषा रोज काढण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावे. पुढील आठवड्यांत बहुतेक प्रश्न या दोन रेषांमधल्या अंतरातूनच निघतील.

नकाशा आधी

सुरुवात भिंतीवरच्या जगाच्या नकाशाने न करता पृथ्वीगोलाने करावी. सपाट नकाशात, विशेषतः मर्केटरच्या प्रक्षेपणात, ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. पृथ्वीगोलावर अंतर मोजण्याची एक सोपी रीत आहे. विषुववृत्ताभोवती एकदा दोरा गुंडाळून तेवढाच कापावा आणि त्याचे चाळीस समान भाग करून खुणा कराव्यात. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे प्रत्येक खूण १,००० किलोमीटरची होते. हा दोरा हाती असला की नकाशाप्रमाणाचे प्रकरण वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यानंतर कांदा नाशिक भागातच एवढा का पिकतो, या प्रश्नाकडे वळावे. येथे हवामान, मृदा आणि सिंचन हे सातवीचे घटक एकत्र येतात: सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश, निचरा होणारी जमीन, विहिरी व कालव्यांचे पाणी, आणि काढणीच्या काळातील कोरडी हवा. मात्र सर्वांत जास्त वेळ पीक-दिनदर्शिकेवर द्यावा. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरनंतर बाजारात येऊ लागतो, पण तो फार टिकत नाही. मधल्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चाळी रिकाम्या होत असतात आणि नवा माल आलेला नसतो. या काळात पाऊस लांबला तर काय होईल, हे मुलांनीच दिनदर्शिका पाहून सांगावे. बारा महिन्यांचे हे वर्तुळ त्यांनी स्वतः काढलेले असेल तर पुढे भाववाढीचे कारण शिक्षकाला सांगावे लागत नाही.

आता वाटा काढाव्यात. एक वाट लासलगावहून कसारा घाट उतरून उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे आणि तेथून दुबई, कोलंबो आणि मलेशियाच्या बंदरांकडे जाते. दुसरी वाट खुष्कीची असून ती पश्चिम बंगालमधील पेट्रापोलसारख्या सीमा-नाक्यांवरून बांगलादेशात आणि बिहारमधील रक्सौलवरून नेपाळमध्ये पोहोचते. नेपाळला समुद्रकिनारा नाही, ही माहिती पाठ करून घेण्याऐवजी नेपाळी व्यापाऱ्याला समुद्रमार्गे चिनी कांदा मागवायचा झाल्यास तो कोणत्या देशाच्या बंदरातून आणावा लागेल, हे नकाशावर शोधायला सांगावे. भूवेष्टित देशाचे परावलंबन त्यातून लगेच उमगते.

आठवीच्या वर्गात याच ठिकाणी स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ घ्यावी. लासलगावात सकाळी दहा वाजता लिलाव सुरू असेल तर दुबईत साडेआठ, कोलंबोत दहाच, काठमांडूत सव्वादहा, ढाक्यात साडेदहा आणि क्वालालंपूरमध्ये साडेबारा वाजलेले असतात. मग गणित करायला लावावे: क्वालालंपूर सुमारे १०१°४०′ पूर्व रेखावृत्तावर आहे, म्हणजे ग्रिनिचपेक्षा तेथील वेळ पावणेसात तासांच्या आसपास पुढे हवी, प्रत्यक्षात ती आठ तास पुढे आहे. हे अंतर निसर्गाचे नसून शासनाचे आहे. पूर्वेकडील सबाह आणि सारावाक या राज्यांशी वेळ जुळावी म्हणून मलेशियाने १९८२ च्या आरंभी द्वीपकल्पावरील घड्याळे पुढे केली. श्रीलंकेनेही १९९६ मध्ये घड्याळ पुढे केले होते आणि २००६ मध्ये पुन्हा भारतीय वेळेशी जुळवून घेतले. भूगोलाच्या तासाला शासन कोठून येते, असे विचारणाऱ्या सहकाऱ्याला हे उदाहरण पुरेसे आहे.

कोण ठरवते

नागरिकशास्त्राचा भाग खालून वर न्यावा. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा शिवरस्ता कोणाकडे मागायचा, हा प्रश्न ग्रामपंचायत आणि ग्रामसभेपर्यंत नेतो आणि सहावीचा स्थानिक शासनाचा भाग तेथे बसतो. बाजार समितीचे आवार हा पुढचा टप्पा. १९६३ च्या राज्य कायद्यानुसार चालणाऱ्या या समितीचे संचालक निवडून येतात आणि त्यांच्या मतदारांत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर व्यापारी, हमाल आणि मापारी यांनाही स्थान असते. शक्य असल्यास वर्गाला एका सकाळी लिलाव पाहायला न्यावे. तेथे मुलांनी सौदापट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी सौद्याची पावती, मागून पाहावी आणि तिच्यातील प्रत्येक रकाना व प्रत्येक कपात कशासाठी आहे हे विचारून लिहून घ्यावे. अर्थशास्त्राची इतकी चांगली पाने कोणत्याही पुस्तकात मिळत नाहीत.

मग केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी करणारी संविधानाची सातवी अनुसूची मुलांच्या हाती द्यावी. संविधानाची मराठी प्रत उपलब्ध आहे आणि सातवी-आठवीची मुले त्यातील नोंदी वाचू शकतात. त्यांना मूळ मजकुरापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. राज्यसूचीतील १४ वी नोंद शेतीची आहे आणि २८ वी बाजार व जत्रांची. परदेशांशी होणारा व्यापार मात्र संघसूचीतील ४१ व्या नोंदीत आहे. म्हणजे कांदा शेतात आणि बाजार समितीत असेपर्यंत तो मुख्यतः राज्याच्या विषयांत मोडतो, आणि देशाची सीमा ओलांडण्याचा प्रश्न आला की तो केंद्राकडे जातो. खाद्यपदार्थांच्या व्यापाराबाबत समवर्ती सूचीतही, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांच्या विषयांच्या यादीतही, नोंद आहे, हे आठवीच्या चौकस मुलांना शोधायला लावावे.

यानंतर अलीकडच्या घटनांचा कालपट फळ्यावर घ्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याहून स्वस्तात निर्यात करता येत नाही अशी किंमत, ठरवले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु टनाला ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले. प्रत्येक टप्प्यापुढे निर्णय कोणत्या विभागाचा हे मुलांनी लिहावे: निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावते, आणि शहरांतील भाव आटोक्यात ठेवण्यासाठी कांद्याचा राखीव साठा करण्याचे काम ग्राहक व्यवहार विभाग पाहतो. ‘सरकारने केले’ एवढ्यावर समाधान मानणारी मुले या तक्त्यानंतर ‘कोणत्या खात्याने, कोणत्या अधिकाराने’ असे विचारू लागतात, आणि या संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाची सवय कोणती असे विचारल्यास ती हीच, असे माझे मत आहे.

शासनपद्धतींची तुलना करण्यासाठी ब्रिटन, अमेरिका आणि स्वित्झर्लंड हा नेहमीचा संच घेण्याची गरज नाही. कांद्याचे ग्राहक देशच एकेका प्रकाराचा नमुना आहेत. संयुक्त अरब अमिराती हा सात अमिरातींचा संघ असून १९७१ मध्ये स्थापन झाला. तेथे सत्ता राजघराण्यांकडे आहे. मलेशियात राजा आहे, पण तो नऊ वंशपरंपरागत शासकांमधून पाच वर्षांसाठी निवडला जातो आणि कारभार संसदेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ चालवते. श्रीलंकेत १९७८ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला कार्यकारी सत्ता दिली. नेपाळने २००८ मध्ये राजेशाही संपवली आणि २०१५ च्या संविधानाने सात प्रांतांचे संघराज्य स्वीकारले. बांगलादेशात एकात्म शासन आहे, तेथे प्रांतिक विधानसभा नाहीत. प्रत्येक गटाला एक देश द्यावा आणि पुढील एका प्रश्नाचे उत्तर शोधायला लावावे: या देशात कांदा महागला तर सामान्य माणसाने कोणाकडे तक्रार करायची आणि त्या तक्रारीला उत्तर देणे कोणाला भाग आहे? शासनप्रकाराची व्याख्या या उत्तरातून आपोआप तयार होते.

येथे एक प्रसंग मुलांना आवडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक निर्यातबंदी केली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना काही दिवसांनी दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्यांनी भाषणात हसत हसत सांगितले आणि आधी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असेही सुचवले. शेजारधर्म आणि परराष्ट्र धोरण यांचा संबंध समजावण्यास एवढे पुरे.

भाव आणि त्याची किंमत

मागणी-पुरवठा फळ्यावर आलेख काढून शिकवू नये. आधी लिलाव खेळावा. बारा मुले शेतकरी होतात आणि प्रत्येकाला एक क्विंटल कांद्याची चिठ्ठी मिळते, जिच्यावर ८०० ते १,९०० रुपयांपर्यंत शंभराच्या अंतराने ‘याहून कमी भावात विकणार नाही’ अशी रक्कम लिहिलेली असते. दुसरी बारा मुले व्यापारी होतात आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर १,००० ते २,१०० रुपयांपर्यंत ‘याहून जास्त देणार नाही’ अशी रक्कम असते. त्यांतील सर्वांत मोठ्या रकमांच्या पाच चिठ्ठ्या निर्यातदारांच्या असतात. चिठ्ठी कोणी कोणाला दाखवू नये. पुकारणारा एकेक भाव मोठ्याने सांगतो, त्या भावाला तयार असणारे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी हात वर करतात आणि दोन्हीकडचे हात जेथे जुळतात तेथे सौदा ठरतो. खऱ्या बाजारात व्यापारी एकेका ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बोली लावतात, हे मुलांना सांगून टाकावे. खेळासाठी ही सोपी रीत पुरते.

पहिल्या फेरीत भाव १,४०० ते १,५०० रुपयांच्या दरम्यान स्थिरावतो आणि सुमारे सात क्विंटल माल विकला जातो. दुसऱ्या फेरीत निर्यातबंदी जाहीर करून पाच निर्यातदारांना खाली बसवावे. भाव १,२०० च्या आसपास येतो आणि पाचच क्विंटल विकला जातो. ज्यांचा माल पहिल्या फेरीत गेला पण दुसऱ्या फेरीत उरला त्यांना उभे करून त्यांच्या चिठ्ठीवरची रक्कम वाचायला सांगावी. तिसऱ्या फेरीत निर्यातदार परत येतात, पण अवकाळी पावसाने चार शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या जातात. भाव चढतो, आणि त्याचा लाभ ज्यांच्याकडे माल उरला त्यांनाच होतो. भाव वाढला म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, हा सरधोपट समज येथे मोडतो. उरलेली मुले शहरी ग्राहक असतात. प्रत्येक फेरीनंतर त्यांना किती रुपये किलोने कांदा मिळेल याचा अंदाज त्यांनी नोंदवावा. मुले आपण होऊन माल राखून ठेवण्याचा प्रस्ताव मांडतात, तेव्हा चौथी फेरी घ्यावी आणि राखलेल्या मालातील चौथा हिस्सा चाळीत सडला असे जाहीर करावे.

खेळानंतर खरे आकडे घ्यावेत. मे २०२४ मधील ५५० डॉलरचे किमान मूल्य क्विंटलला ५५ डॉलर होते; डॉलरचा दर ८३ रुपये धरला तर क्विंटलला ४,५६५ रुपये, म्हणजे किलोला साधारण ४६ रुपये. त्यावर ४० टक्के शुल्क मिळवले की हीच रक्कम किलोला जवळजवळ ६४ रुपये होते. एवढ्या भावाने दुबईचा व्यापारी भारतीय कांदा घेईल की पाकिस्तानचा, हे मुलांना विचारावे आणि कराची ते दुबई हे अंतर दोऱ्याने मोजायला सांगावे. विनिमय दर, शुल्क, स्पर्धा आणि अंतर या चार संकल्पना एकाच गणितात येतात.

कांद्याबरोबर एखाद्या आठवड्यासाठी नाशिकची द्राक्षे जोडून घेतली तर सागरी मार्गांचा भाग पूर्ण होतो, कारण ती नेदरलँड्समार्गे युरोपात जातात आणि त्यांची वाट सुएझ कालव्यातून आहे. १८६९ मध्ये खुला झालेला हा कालवा इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी १९५६ मध्ये राष्ट्रीयीकृत केला. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सहा दिवस त्यात अडकून पडले. आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी केप ऑफ गुड होपचा वळसा स्वीकारला. दोऱ्याने दोन्ही वाटा मोजल्या की दुसरी दीडपटीहून लांब भरते. नाशवंत माल, शीतकंटेनरचे भाडे आणि युरोपातील विक्रीचा ठरलेला हंगाम यांवर त्याचा काय परिणाम होईल, हे विद्यार्थी स्वतः लिहू शकतात.

मतभेद आणि मूल्यमापन

निर्यातबंदी योग्य होती की अयोग्य, यावर वर्गात मत एक होणार नाही आणि व्हायलाही नको. शेतकऱ्याचा मुलगा, अडतीवर काम करणाऱ्याची मुलगी आणि पगारदाराचे मूल एका बाकावर बसलेले असते. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा मोठा मुद्दा झाला होता, त्यामुळे या विषयाला पक्षीय रंग चटकन चढतो, याची शिक्षकाने जाणीव ठेवावी. चर्चेत प्रत्येकाला स्वतःच्या घरच्या बाजूऐवजी दुसऱ्याची बाजू मांडायला द्यावी: शेतकऱ्याच्या मुलाने ग्राहक व्यवहार मंत्री व्हावे आणि पगारदाराच्या मुलाने चाळीत सहा ट्रॉली माल असलेला शेतकरी. लोकसभेतील प्रश्नोत्तराच्या तासाप्रमाणे एकाने प्रश्न लेखी द्यावा, मंत्र्याने आकड्यासह उत्तर द्यावे आणि पूरक प्रश्न दोनच घ्यावेत. पक्षाचे किंवा नेत्याचे नाव घेतल्यास बोलण्याची पाळी जाते, एवढा नियम पुरेसा ठरतो. शिक्षकाने स्वतःचे मत सांगू नये. मुलांनी आग्रह धरला तरी नाही.

लेखी परीक्षेसाठी कोरा आराखडा-नकाशा आणि वृत्तपत्रातील ताजी, वर्गात न चर्चिलेली एक बातमी द्यावी, उदाहरणार्थ तांदूळ, साखर किंवा खाद्यतेल यांच्या आयात-निर्यातीविषयीची. विद्यार्थ्याने नकाशावर वाट काढावी, निर्णय कोणाचा आणि तो संविधानाच्या कोणत्या सूचीत बसतो हे लिहावे, आणि ज्यांच्यावर परिणाम होईल असे किमान तीन गट दाखवून प्रत्येकाला काय मिळते व काय गमवावे लागते ते सांगावे. गुण मताला न देता कारणांना द्यावेत. निर्यातबंदीचे समर्थन करणाऱ्याला आणि विरोध करणाऱ्याला सारखेच पूर्ण गुण मिळू शकतात, हे आधीच जाहीर करावे. स्पेलिंग चुकलेली राजधानी किंवा दोन मिलिमीटर सरकलेले बंदर यांसाठी गुण कापण्यात अर्थ नाही, परंतु बांगलादेश समुद्रापलीकडे दाखवला तर जरूर कापावेत.

उपक्रमाला वेळ कोठून काढायचा, ही अडचण खरी आहे. आठवड्यातील भूगोलाचा एक आणि नागरिकशास्त्राचा एक तास सलग घेता आला तर मूळ घटक मागे पडत नाहीत, कारण मृदा, कृषी, नकाशाप्रमाण, स्थानिक शासन, संसद आणि राज्यशासन हे अभ्यासक्रमातील घटकच या वाटेवर येतात. घटक नियोजनात ते त्या-त्या आठवड्यापुढे नोंदवून ठेवावेत. दोन विषय दोन शिक्षकांकडे असतील तर भावफलकाचा कागद आणि दोरा दोघांनी मिळून वापरावा आणि लिलावाच्या दिवशी दोघांनीही वर्गात असावे, कारण पुकारणाऱ्याकडे आणि नोंद करणाऱ्यांकडे एकाच वेळी लक्ष देणे एकट्याला जमत नाही.